फार चांगला वागणारा जावई

केदार आपल्याशी फार चांगला वागतो, ही काळजी शैलजाच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती.

जावई सासूशी चांगला वागतो यात काळजीसारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. तिच्या नवऱ्याला, उल्हासला, अगदी असंच वाटत होतं. पण काळजी हा शैलजाचा हातखंडा विषय. फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये पंचवीसेक वर्षं काढताना तिने भूकंपाची काळजी केली होती, वणव्यांच्या धुराची केली होती, ग्रीन कार्डाची केली होती, मुलीच्या एसएटी परीक्षेची केली होती. आणि यातलं काहीच हाताशी नसलं की सगळं इतकं सुरळीत कसं चाललंय, याची केली होती. गाडीच्या डिकीत तिने भूकंपासाठी एक पिशवी भरून ठेवली होती. पाणी, टॉर्च, औषधं आणि थालीपिठाची भाजणी. "भूकंप झाल्यावर थालीपीठ कशावर लावणार?" असं उल्हासने एकदा हसत विचारलं, तेव्हापासून त्या पिशवीत एक तवाही होता.

तर केदार. मुलगा नागपूरकर आईबापांचा, पण वाढलेला मेलबर्नमध्ये. शिकून सॅन होजेला नोकरीला आला, तिथे शैलजाच्या मुलीला, गिरिजाला भेटला, आणि गेल्या नोव्हेंबरात फ्रीमाँटमध्ये त्यांचं लग्न झालं. ऑस्ट्रेलियन नागरिकांसाठी अमेरिकेचा एक वेगळाच व्हिसा असतो, त्याला लॉटरी नाही, हे कळलं तेव्हा उल्हास दोन दिवस कुणाशी धड बोलला नव्हता. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याचे केस गेले होते.

"चोरांचा देश आणि त्यांना वेगळी खिडकी!" तो पहिल्याच भेटीत केदारला म्हणाला होता.

"बाबा, आमच्याकडच्या चोरांना न्यायाधीशाने शिक्षा दिली होती, आणि जहाजाचं भाडं सरकारने भरलं होतं," केदार शांतपणे म्हणाला होता. "तुम्ही तर स्वतः फी भरून, रांगेत उभं राहून आलात."

उल्हास पोट धरधरून हसला होता, आणि त्या क्षणापासून सासऱ्या-जावयाचं जमलं ते जमलंच. केदार त्याला 'म्हातारबा' म्हणायचा, त्याचा चष्मा फ्रीजमध्ये लपवायचा, त्याच्या ड्रायव्हिंगची नक्कल करायचा. उल्हासही कमी नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी भर कसोटीत बॉल सँडपेपरने घासला होता, ते प्रकरण तो विसरायला तयार नव्हता. केदारच्या वाढदिवसाला त्याने रेशमी रिबीन बांधून एक खोकं दिलं. आत सँडपेपरचा एक तुकडा. केदारने तो चक्क फ्रेम करून घेतला.

आणि शैलजाने त्याच वाढदिवसाला चांदीची वाटी दिली, तेव्हा तो उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी वाटी घेतली आणि म्हणाला, "थँक यू सो मच, आई. रिअली लव्हली."

तिच्या पुरणपोळीला रिअली लव्हली. तिच्या बागेतल्या लिंबांना रिअली लव्हली. तिने त्याला खोकल्यासाठी दिलेल्या काढ्यालासुद्धा, जो पिऊन उल्हासने बेसिन गाठलं होतं, रिअली लव्हली.

शैलजाने आधी हे संस्कार समजून मनातल्या मनात विहिणीचं कौतुक केलं. विहीणबाईंनीच मग ते कौतुक मोडीत काढलं. रेणूताई, केदारची आई, तीस वर्षं मेलबर्नमध्ये राहूनही बोलणं अस्सल नागपुरी. जानेवारीत व्हिडिओ कॉलवर त्या सांगत होत्या, "अवो, इथले लोक ना, ज्याच्यावर जीव असते त्यालेच शिव्या घालते. आमचा शेजारी इतक्या वर्षांपासून यांना 'यूसलेस' म्हणते, आणि हे दवाखान्यात होते तर रोज येऊन आमचं गवत कापून गेला. पोलाइट ते फक्त बँक मॅनेजरशी राहते. आमचा केदारही तसाच झाला. मला तर काय काय बोलते, विचारू नका बाप्पा!"

शैलजा हसली. फोन ठेवला. आणि तिथेच, हातात पोळपाट घेऊन, खुर्चीत बसली.

"अहो," ती उल्हासला म्हणाली, "मी बँक मॅनेजर आहे."

"कुठल्या बँकेत?" उल्हासने पेपरमधून डोकं न काढता विचारलं.

खरं तर ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत आपल्याला कुणी गाफील गाठेल, असं शैलजाला वाटलं नव्हतं. सांगलीत शाळेत असताना ती सामान्यज्ञान स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आली होती. बक्षिसाचा स्टीलचा डबा लग्नानंतर तिच्याबरोबर अमेरिकेत आला आणि आजही तिची साखर त्यातच असायची. पुढे ती रसायनशास्त्रात एमएस्सी झाली, इथे एका छोट्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासू लागली. पण नवीन माणूस आयुष्यात आला की त्याचा अभ्यास करायचा, ही सवय त्या डब्याबरोबरच आलेली. गिरिजाने केदारचं नाव सांगितल्याबरोबर तिने ऑस्ट्रेलिया करायला घेतला होता, स्पर्धा परीक्षेचा पेपर करायला घ्यावा तसा.

राजधानी कॅनबेरा, कारण सिडनी आणि मेलबर्न दोघांनाही मान हवा होता, म्हणून भांडण मिटवायला तिसरंच शहर वसवलं. मतदान सक्तीचं, नाही केलं तर दंड, आणि केलं तर केंद्राबाहेर गरम सॉसेज विकायला. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्नला सार्वजनिक सुट्टी, कशासाठी, तर घोड्यांच्या शर्यतीसाठी. १९३२ साली त्यांनी पिकं तुडवणाऱ्या एमू पक्ष्यांवर मशीनगन घेऊन सैनिक पाठवले होते, आणि एमू फारसे हाती लागले नाहीत. त्यांचे एक पंतप्रधान समुद्रात पोहायला गेले ते परत आलेच नाहीत, आणि मेलबर्नमध्ये त्यांच्या नावाने जे स्मारक आहे, तो पोहण्याचा तलाव आहे.

हे वाचून शैलजाने चष्मा काढून पुसला होता. आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर चौकशी समिती बसली असती. स्वतःवर इतकं हसणाऱ्या लोकांत वाढलेला मुलगा आपल्यावर एकदाही हसू नये, म्हणजे आपण त्याला किती परक्या असू! रेणूताईंच्या फोनपासून ही काळजी तिच्या उरावर बसली ती बसलीच. पोरगी सॅन होजेला, अर्ध्या तासावर. पण जावई लांबच राहिला, तर पोरगीही हळूहळू पाहुणीच होणार. उद्या नातवंडं होतील आणि त्यांनाही तिची लाज वाटणार नाही, नुसता आदर वाटेल.

मग तिने ठरवलं. केदारने आपली टिंगल करायलाच हवी. आणि तो आपण होऊन करत नसेल, तर सोय करून द्यायला हवी.

पहिला प्रयत्न सव्वीस जानेवारीचा, आणि तो वेगळ्याच दिशेने गेला. भारत आणि ऑस्ट्रेलिया, दोन्ही देशांचा राष्ट्रीय दिवस एकच, हे सामान्यज्ञान वापरून तिने श्रीखंडावर काजूंनी ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढून फोटो पाठवला. खालच्या टास्मानिया बेटाच्या जागी तिने बेदाणा लावला होता. याच्यावर तरी तो काही बोलेल अशी तिला आशा होती. केदारने लिहिलं, "व्हेरी थॉटफुल, आई." संध्याकाळी गिरिजाने फोनवर सांगितलं, "आई, ही डझन्ट सेलिब्रेट इट. पन्नास-साठ हजार वर्षांपासून तिथे राहणारे लोक आहेत ना, त्यांच्यासाठी तो इंग्रजांची जहाजं आली तो दिवस आहे. शोकाचा. तो त्या दिवशी त्यांच्या मोर्चाला जायचा." शैलजाने तो नकाशा स्वतः चमच्याने मोडला आणि आठवडाभर त्याच विषयावर वाचलं. आपण अभ्यासक्रमाचं पहिलंच पान सोडून पुढची सगळी पाठ केली होती, हे तिला फार लागलं.

दुसरा प्रयत्न मार्चमधला. केदार-गिरिजा जेवायला आलेले. पाव्हलोवा नावाचा अंड्याच्या पांढऱ्याचा फेस भाजून करतात तो गोड पदार्थ ऑस्ट्रेलियाचा की न्यूझीलंडचा, यावरून दोन्ही देशांत कायमचं भांडण आहे, हे तिला माहीत होतं. तिने वरणाचं पातेलं ठेवता ठेवता अगदी सहज विचारलं, "केदारराव, तो पाव्हलोवा न्यूझीलंडचा ना?"

उल्हासचा घास हातात थांबला. केदारच्या कानशिलाची एक शीर हलली. पण तो म्हणाला, "त्याबद्दल दोन मतं आहेत, आई."

शैलजाने मग ब्रह्मास्त्र काढलं. ज्या बाईने सांगलीत कॅनबेराचं उत्तर देऊन डबा जिंकला होता, ती बाई म्हणाली, "आणि राजधानी सिडनी."

"सगळेच चुकतात त्यात, आई," केदार मृदू आवाजात म्हणाला आणि त्याने तिला पाणी ओतून दिलं.

ते गेल्यावर उल्हास म्हणाला, "अगं, तुला बरं वाटत नाहीये का? राजधानी विसरलीस म्हणून गिरिजा मला बाजूला घेऊन विचारत होती, आईची टेस्ट करून घेऊया का."

तिसरा प्रयत्न म्हणजे ऑस्ट्रेलियनांच्या व्यंगचित्रांत दिसते ती टोपी, जिच्या कडेने माश्या हाकलायला बुचं लटकवलेली असतात. ती ऑनलाइन मागवून शैलजा ती घालून बागेत लिंबं तोडत होती. केदारने पाहिलं, थांबला, आणि म्हणाला, "सन प्रोटेक्शन. गुड आयडिया."

मग आला पंचवीस एप्रिल. त्या दिवशी पहाटे केदार आणि गिरिजा सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. तिथली थोडी ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडची माणसं जमून पहिल्या महायुद्धातल्या आपल्या सैनिकांची आठवण करतात. तिथून ते थेट फ्रीमाँटला जेवायला आले. केदारच्या जाकिटाला आठवणीची खूण म्हणून रोझमेरीची एक काडी टोचलेली होती.

"कुठली लढाई म्हणायची ही?" उल्हासने विचारलं. शैलजाला उत्तर येत होतं, पण ती या वेळी खरोखर गप्प बसली.

"गॅलिपोली. टर्कीत. १९१५," केदार म्हणाला. "पहाटे किनाऱ्यावर उतरले. वर उभे कडे. आठ महिने तिथेच अडकले, मग परत फिरले. आठ हजारांहून जास्त आमचेच गेले."

"म्हणजे हरलात."

"हो. हरलो."

"मग जिंकलेली एखादी लढाई नाही का धरायची?"

"जिंकल्याही आहेत, बाबा. पण आठवते ती हीच."

शैलजा ताटं वाढत होती. तिचा हात थांबला. "आमचं पानिपत," ती म्हणाली. आणि मग तिने सांगितलं. संक्रांतीचा दिवस, उपाशी फौज, एका दिवसात संपलेल्या पिढ्या. अजूनही मराठीत कुणाचं सगळं धुळीला मिळालं की त्याचं पानिपत झालं म्हणतात. आणि तिच्या वडिलांच्या घरी त्या दिवशी तिळगूळ वाटण्याआधी आजोबा क्षणभर डोळे मिटून बसायचे. कुणाचं नाव घ्यायचे नाहीत. कुणाची नावं ठाऊकच नव्हती.

केदार ऐकत राहिला. तो लव्हली म्हणाला नाही. म्हणाला, "सेम, आई."

एवढंच. पण शैलजाला वाटलं, दार किलकिलं झालं. आणि ते सताड उघडायला ती आत गेली आणि बिस्किटांचा डबा घेऊन आली.

ही त्या दिवसाची खास बिस्किटं. ओट्स, खोबरं, मैदा, बटर, सोडा आणि गोल्डन सिरप नावाचा उसाचा पाक. अंडं नाही, म्हणून महिनोन्महिने टिकतात. आघाडीवरच्या मुलांना घरच्या बायका पाठवायच्या म्हणे. हे वाचून शैलजाला भरून आलं होतं; युद्ध चालू असताना डबा पाठवणाऱ्या आया म्हणजे तिच्याच जातकुळीच्या. गोल्डन सिरप तिला मिळालं नव्हतं, म्हणून तिने इंडियन ग्रोसरीतून काकवी आणली. इथवर सगळं ठीक होतं. कृतीत लिहिलं होतं की बटर आणि सिरप नुसतं विरघळेपर्यंत गरम करा. पण पाक नुसता गरम करून सोडून द्यायचा, हे वाचून शैलजाला हसू आलं होतं. चिक्की, लाडू, साखरभात. तिच्या पाकाला माहेरी-सासरी कुणी आजवर नाव ठेवलं नव्हतं. तिने काकवी चांगली आटवली, थेंब पाण्यात टाकून त्याची टणक गोळी होते का पाहिलं, आणि मगच ओट्स घातले.

केदारने बिस्किटाचा घास घेतला. खोलीत असा आवाज झाला की उल्हासने खिडकीकडे पाहिलं.

"कसं झालंय?" शैलजाने विचारलं.

केदारने जबडा सावरला. "रिअली लव्हली, आई," तो म्हणाला, आणि त्याने उरलेली सगळी बिस्किटं डब्यात भरून घरी नेली.

दार लागलं. शैलजा त्या रात्री जेवली नाही.

आणि मग, चार दिवसांनी, घरच्या चौघांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. सॅन होजेचा त्यांचा हॉल. केदार स्टुलावर उभा. डाव्या हातात खिळा, उजव्या हातात बिस्किट. ठक, ठक, ठक. खिळा भिंतीत गेला. बिस्किटाचा कणही सांडला नाही. खाली केदारने लिहिलं होतं: 'हातोडी विकणे आहे. आईने बिस्किटं पाठवलीत.'

शैलजाने तिथेच व्हिडिओ बंद केला. तिचा चेहरा लाल झाला. दुसऱ्या खोलीतून उल्हासचं हसणं ऐकू आलं, खुर्ची करकरेपर्यंतचं.

"हसा!" ती ओरडली. "दिवसभर उभी राहून केली मी ती! काकवी दोन दुकानं पालथी घालून आणली! आणि हा खिळे ठोकतोय!"

तिने ग्रुपवर काही लिहिलं नाही. भांडी जरा जोरातच घासली. दुसऱ्या दिवशी कामावर एक नमुना दोनदा तपासला. गिरिजाचा फोन आला, तो घेतला नाही. संध्याकाळी घरी येऊन पाहते तर ग्रुपवरचा व्हिडिओ केदारने काढून टाकलेला, आणि त्या जागी लिहिलेलं, 'सॉरी आई. दॅट वॉज रूड ऑफ मी. बिस्किटं रिअली लव्हली होती.'

तिने ते उल्हासपुढे धरलं. "निदान माफी तरी मागितली."

उल्हासने फोन हातात घेऊन वाचलं आणि या वेळी तो हसला नाही. "अगं शैला," तो म्हणाला, "जानेवारीपासून तू कशासाठी टोप्या घालून फिरत होतीस?"

शैलजा उभीच राहिली. राजधानी सिडनी सांगितली ती कशासाठी? पाव्हलोवा न्यूझीलंडला दान केला तो कशासाठी? ज्याची इतके दिवस वाट पाहिली ते दारात आलं, आणि आपण ओळखलंच नाही. उलट तोंड फुगवून त्याला परत पाठवलं. सामान्यज्ञानात जिल्ह्यात पहिली!

"व्हिडिओ गेला," ती हताश होऊन म्हणाली.

"कुठे जातोय? मी लगेच कॉलेजच्या ग्रुपवर टाकला होता. सगळे विचारतायत, वहिनी ऑर्डर घेतात का." उल्हासने स्वतःचा फोन पुढे केला. "आणि तू शेवटपर्यंत पाहिलास का?"

तिने पाहिला नव्हता. आता पाहिला. खिळा आत गेल्यावर केदार स्टुलावरून उतरला आणि त्या खिळ्यावर त्याने एक फ्रेम लावली. उल्हासचा सँडपेपर. मग शेजारीच, त्याच उंचीवर, बिस्किटानेच दुसरा खिळा ठोकायला घेतला, तो जरा तिरकाच.

"हा कशाला?" मागून गिरिजाचा आवाज.

"बिस्किटासाठी. फ्रेम ऑर्डर केलीय."

"आई चिडेल हां, केदार."

"चिडू दे ना यार," केदार म्हणाला. "बाबा पहिल्या दिवसापासून मला शिव्या घालतात. आई अजून केदारराव म्हणते. मे बी शी'ल फायनली टेल मी ऑफ. एकदा तरी झापेल मला."

व्हिडिओ संपला. शैलजाने तो पुन्हा लावला, आणि परत शेवटचं वाक्य आल्यावर थांबवला.

केदारराव. तुम्ही. बसा. घ्या ना आणखी. चांदीची वाटी. लग्नात पाय धुतले ते तर सोडाच, पण त्यानंतरही प्रत्येक भेटीत त्याच्यासाठी वेगळा टॉवेल, वेगळं ताट, आणि तो उठला की आपणही उठायचं. जो मुलगा प्रेम म्हणजे 'यूसलेस' अशी हाक ऐकत वाढला, त्याला हे सगळं कसं वाटलं असेल? ती इतके महिने स्वतःला बँक मॅनेजर समजत होती. बँक मॅनेजर तो होता. आणि काउंटरच्या अलीकडे, हात जोडून, अदबीने उभी होती ती.

"अहो, फोन द्या माझा."

"काय लिहितेस?"

"लिहीत नाहीये. फोन करतेय."

"सॉरी म्हणू नकोस हां त्याला," उल्हास घाईघाईने म्हणाला. "नाहीतर तोही म्हणेल, आणि जन्मभर दोघं लव्हली-लव्हली करत बसाल. एक सणसणीत शिवी घाल. थांब, मी सांगतो..."

"तुमच्या शिव्या तुमच्याकडेच ठेवा. मला मराठी येतं."

तिने नाव शोधलं. फोनमध्येही ते 'केदारराव जावई' असंच होतं. पहिलं वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं: अरे गाढवा, दुसरा खिळा तिरका गेलाय, बिस्किटाला कशाला बदनाम करतोस, ये रविवारी, तुला नीट ठोकायला शिकवते. वाक्य चांगलं होतं. पण गाढव म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं तर? गिरिजाला वाटलं तर? रेणूताईंच्या कानावर गेलं तर?

ही नवी काळजी फोन लागेपर्यंतच करायची, त्यापुढे नाही, असं ठरवून शैलजाने त्याच्या नावावर बोट ठेवलं.